जलद जिथे थांबत नाही: निशीकासाईतला एक आठवडा

पहिला दिवस, शनिवार

नारिताला विमानातून उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मुक्ता घ्यायला आली होती. म्हणाली, "आई, बॅगा कुरिअरने घरी पाठवून देऊ आणि आपण बसने जाऊ. तुला झोप काढता येईल." मी म्हटलं, बॅगा खुशाल पाठव, पण मी रेल्वेनेच येणार. ३१ वर्षं मध्य रेल्वेच्या बुकिंग खिडकीवर बसून लोकांना तिकिटं दिली. जपानात पहिलं पाऊल टाकायचं ते फलाटावरच, हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

विमानतळावरून केइसेई कंपनीच्या गाडीने कात्सुतादाईपर्यंत आलो. तिथे जिना उतरून तोयो-कात्सुतादाई या जमिनीखालच्या स्टेशनात दुसरी गाडी पकडली. हा तोयो रॅपिड रेल्वेचा मार्ग, १९९६ साली सुरू झालेला. निशी-फुनाबाशीला आमचा गार्ड आणि मोटरमन उतरले, दुसरे दोघे चढले. गाडी तीच, प्रवासीही तेच, पण इथून पुढे मार्ग तोक्यो मेट्रोचा. हीच गाडी तोझाई मार्गाने शहराखालून पार पलीकडच्या टोकापर्यंत जाते. निम्म्या गाडीला याचा पत्ताही नव्हता, माणसं झोपली होती.

"आता उरायासूला उतरायचं," अशी मुक्ताने खूण केली. उरायासूला का? तर आमची गाडी जलद, आणि जलद गाडी निशीकासाईला, म्हणजे मुक्ताच्या घराजवळच्या स्टेशनला, थांबत नाही. उरायासूनंतर ती कासाई, निशीकासाई, मिनामी-सुनामाची ही तिन्ही स्टेशनं सोडून एकदम तोयोचोला थांबते. आम्ही त्याच फलाटावर धीम्या गाडीची वाट पाहिली. मला बरं वाटलं. जलद गाडी न थांबणाऱ्या स्टेशनांची माणसं मला ठाऊक आहेत. माझी अर्धी नोकरी अशाच एका स्टेशनावर गेली.

निशीकासाईला दार उघडलं आणि ओलसर वारा अंगावर आला. स्टेशन उंच पुलावर आहे. नाव मेट्रोचं असलं, तरी इथे सगळं आभाळाखाली. जून महिना, पाऊस नुकताच थांबलेला. घरी जाऊन वरणभात खाल्ला आणि झोपले.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी ईशानने, माझ्या सात वर्षांच्या नातवाने, मला स्टेशन दाखवायला नेलं. त्याचा उत्साह बघून मुक्ता म्हणाली, हे रक्तातूनच आलंय.

स्टेशनची मांडणी अगदी साधी आहे. मधोमध दोन रूळमार्ग, त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक फलाट. एका फलाटावरून शहराकडे, ओतेमाची-नाकानोच्या दिशेने. दुसऱ्यावरून उरायासू, निशी-फुनाबाशीकडे. तिकिटाची फाटकं खाली जमिनीलगत, तिथून जिने, सरकते जिने आणि लिफ्ट वर जातात. बाहेर पडायला दोन तोंडं, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. पुलाखालची जागा रिकामी सोडलेली नाही, दुकानं आहेत. स्टेशनचा क्रमांक टी-१६.

पण मांडणी अशीच का, हे कळायला थोडा इतिहास हवा. तोझाई मार्गाचा पहिला तुकडा ताकादानोबाबा ते कुदानशिता, २३ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झाला. पूर्वेकडे वाढत वाढत २९ मार्च १९६९ रोजी तो निशी-फुनाबाशीपर्यंत पोचला. सोबु या शेजारच्या जुन्या रेल्वेमार्गावरची गर्दी हलकी करायची, हा त्यामागचा हेतू. त्या दिवशी कासाई स्टेशन उघडलं, निशीकासाई मात्र नव्हतं. रेल्वेच्या नकाशावर तेव्हा हे नावच नव्हतं. गाड्या इथून थेट धडधडत जात. स्टेशन उघडलं १ ऑक्टोबर १९७९ रोजी, दहा वर्षांनी. निशी म्हणजे पश्चिम. कासाईच्या पश्चिमेचं म्हणून हे नाव.

म्हणजे चालू मार्गावर, गाड्या बंद न ठेवता, पुलाला स्टेशन जोडायचं. अशा वेळी रूळ न हलवता दोन्ही अंगांना फलाट लावणं हाच सरळ मार्ग. मधला बेट-फलाट करायचा तर रूळ एकमेकांपासून लांब न्यावे लागतात, म्हणजे सगळा पूलच बदलावा लागतो. फलाटावर उभी राहिल्यावर रूळ नाकासमोर सरळ गेलेले दिसतात, कुठेही वळण नाही. आधी मार्ग आणि मग स्टेशन, हे त्या सरळ रुळांवरूनच ओळखू येतं.

तिकीट यंत्राजवळ मी बराच वेळ उभी होते. कागदी तिकीट काढलं तर कमीत कमी भाडं १८० येन, कार्ड टेकवलं तर १७८. दोन येनांचा फरक. कार्डावर एकेका येनाचा हिशेब होतो, रोखीच्या तिकिटात दहाच्या पटीत. ओतेमाचीपर्यंत ९ किलोमीटर, तिकीट २१०, कार्डावर २०९. मार्च २०२३ पासून प्रत्येक तिकिटात १० येन जास्तीचे घेतात, ते लिफ्ट आणि फलाटावरची सुरक्षा दारं बसवण्यासाठी. भाडेवाढीचं कारण इतकं सरळ सांगितलेलं मला आवडलं. खिडकीवर बसणाऱ्याला "भाडं का वाढलं?" या प्रश्नाला रोज तोंड द्यावं लागतं. तेव्हा बोट दाखवायला एखादी लिफ्ट असती, तर काय हवं होतं!

आणखी एक सोय. भाडं किती ते कळलं नाही तर सर्वात स्वस्त तिकीट काढून बसायचं, आणि उतरल्यावर फाटकाच्या आत असलेल्या यंत्रात उरलेले पैसे भरायचे. दंड नाही, वाद नाही. प्रवासी चुकणार, हे धरूनच व्यवस्था केलेली आहे.

ईशानने मला पिवळ्या फरशीवरून चालायला लावलं. "आजी, डोळे मिट. ठिपके आले की थांबायचं, रेघा असल्या की पुढे जायचं." मी त्याचा हात धरून डोळे मिटले. चपलेच्या तळव्याखाली रेघा स्पष्ट लागत होत्या, आणि जिन्यापाशी ठिपके. ही फरशी जपानचीच. सेइइची मियाके यांनी ती शोधली, आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली गेली. आज आपल्याकडेही स्टेशनांवर ती दिसते. आपण तिच्यावर बॅगा ठेवतो, हे पुष्कळदा पाहिलं आहे, आणि दरवेळी वाईट वाटलं आहे.

तिसरा दिवस, सोमवार

निखिलबरोबर, माझ्या जावयाबरोबर, साडेसातला स्टेशनवर गेले. तो म्हणाला, "आई, तुम्ही फलाटाच्या टोकाला उभ्या राहा, मी दोन-तीन गाड्या सोडतो."

गर्दी पाहायलाच मी आले होते. तोझाई मार्गाची गर्दी जपानभर प्रसिद्ध आहे. कोविडच्या आधीची काही वर्षं किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या तासाची गर्दी १९९ टक्के मोजली जात होती, देशातली सर्वात जास्त. टक्के कशाचे, हे निखिलने समजावलं. सगळी बाकं भरली, आणि उभ्या प्रत्येकाला कडी किंवा खांब धरता आला, म्हणजे १०० टक्के. १५० टक्क्यांत वर्तमानपत्र उघडून वाचता येतं, १८० टक्क्यांत घडी घालून. २०० टक्क्यांत अंगाला अंग भिडतं, तरी एखादं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५० टक्क्यांत हातही हलत नाही. गर्दी मोजायला वाचन हे माप! आपल्याकडे रेल्वेच्या कागदपत्रांत "सुपर डेन्स क्रश लोड" असा शब्द आहे. उभ्या माणसांच्या प्रत्येक चौरस मीटरमध्ये १४ ते १६ जण. ते माप मी रोज जगले आहे, म्हणून दोन्हींची तुलना करत बसत नाही. कोविडनंतर इथला आकडा खाली आला, आता १५० च्या आसपास असतो.

गर्दीच्या तासात या मार्गावर २७ गाड्या सुटतात, म्हणजे सव्वादोन मिनिटांना एक. दहा डब्यांची गाडी, डब्याला एका बाजूला चार दारं. मला एक गोष्ट नंतर लक्षात आली. काही गाड्यांची दारं नेहमीपेक्षा रुंद होती. साध्या गाडीचं दार १.३ मीटर, रुंद दाराच्या गाडीचं १.८. फक्त या मार्गाच्या गर्दीसाठी अशी गाडी बनवली, २०१० साली तर सगळ्याच डब्यांना रुंद दारं असलेली नवी मालिका आली. कारण उघड आहे. गाडी वेगाने पळवून मिनिटं वाचत नाहीत, ती वाचतात फलाटावर, माणसं चढता-उतरताना. दोन माणसांऐवजी तीन एकदम उतरली, की मागच्या गाडीला सिग्नल लवकर मिळतो.

सकाळच्या वेळी शहराकडे जाणाऱ्या जलद गाडीचं वागणंही बदलतं. त्या वेळी ती "प्रवासी जलद" होते आणि उरायासूपासून पुढे सगळी स्टेशनं घेते, निशीकासाईसुद्धा. दिवसा न थांबणारी गाडी गर्दीत थांबते. आपल्याकडे नेमकी उलट मागणी असते. मी क्षणभर विचारात पडले, पण नंतर पटलं. गर्दीच्या वेळी जलद गाडीने मधली स्टेशनं सोडली, तर त्या स्टेशनांवरची सगळी माणसं मागच्या धीम्या गाडीत कोंबली जातील, आणि ती उशिरा पळाली की तिच्या मागची जलदही अडकेल.

रांगा फलाटावरच्या खुणांवर, दोन-दोन, तीन-तीन जणांच्या. गाडी आली. रांग दाराच्या दोन्ही बाजूंना सरकली, आतली माणसं मधून बाहेर पडली, मग रांग आत गेली. शेवटचा माणूस दाराकडे पाठ करून, वरची चौकट हाताने धरून, स्वतःला आत ओढून घेत चढला. हे चढणं मला नवीन नव्हतं.

मी सगळ्यात शेवटच्या डब्याजवळ उभी होते, म्हणून गार्ड अगदी हाताच्या अंतरावर होता. तरुण पोरगा, पांढरे हातमोजे. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून त्याने फलाटाच्या टोकापर्यंत नजर टाकली, मग हात लांब करून बोट रोखलं आणि तोंडाने काहीतरी म्हणाला. दारं बंद झाली. पुन्हा बोट, पुन्हा शब्द. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. गाडी हलली तरी तो बाहेर वाकलेलाच, फलाट संपेपर्यंत.

ही बोट दाखवून बोलण्याची पद्धत जपानी रेल्वेत वाफेच्या इंजिनांच्या काळापासून आहे. १९९४ साली त्यांच्या रेल्वे संशोधन संस्थेने तिची चाचणी घेतली. नुसतं बघून काम केलं तर शंभर कृतींत २.३८ चुका, बोट दाखवून आणि बोलून केलं तर ०.३८. म्हणजे सहावा हिस्सा. मी खिडकीवर पैसे परत देताना नोट मोठ्याने मोजून म्हणत असे, "शंभरातले सत्तर परत." साहेब म्हणायचे, आवाज कशाला करता? आता उत्तर सापडलं.

निखिल चौथ्या गाडीत चढला. जाताना सांगून गेला, की २०१९ च्या जानेवारीत इथे एक योजना होती. गर्दीच्या आधी लवकर प्रवास करणारे दिवसाला दोन हजार झाले तर सगळ्यांना तेम्पुरा (जपानी भजी) फुकट, अडीच हजार झाले तर सोबा (कुट्टूच्या शेवया), आणि तीन हजार झाले तर दोन्ही. कचेरीत तेव्हा त्याचीच चर्चा होती म्हणे.

चौथा दिवस, मंगळवार

आज एकटीने प्रवास केला. मुक्ता घरून काम करते, तिला बैठक होती. मी यंत्रातून १८० येनांचं तिकीट काढलं आणि एक स्टेशन पुढे कासाईला गेले. अंतर १.२ किलोमीटर. तिकीट छोटंसं, बोटाच्या दोन पेरांएवढं. ते जपून ठेवायचं मनात होतं, पण कासाईच्या फाटकात घातलं आणि यंत्राने ते गिळून टाकलं. बाहेर काही आलंच नाही. मी थोडा वेळ फाटकापाशी उभी राहिले. मग पुढे गेले.

कासाई स्टेशनला चार रूळमार्ग आहेत. कडेच्या दोन मार्गांना फलाट, मधले दोन बिनफलाटाचे. धीमी गाडी कडेला थांबून राहते आणि जलद मधून निघून जाते. आपल्या भाषेत लूप. मी दोन वेळा ते पाहिलं, केवळ आनंदासाठी.

स्टेशनच्या पुलाखालीच भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे, १२ जुलै १९८६ रोजी उघडलेलं. आत लाल आणि पिवळे दोन जुने डबे उभे आहेत. लाल डबा मारुनोउची मार्गाचा, १९५४ चा. पिवळा डबा क्रमांक १००१, जपानच्या, खरं तर आशियाच्या, पहिल्या भुयारी मार्गाचा. ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते आसाकुसा, अवघे २.२ किलोमीटर. हा डबा आता महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा म्हणून जपलेला आहे, २०१७ पासून. १९२७ च्या या मार्गावर सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून होती. रुळांशेजारचा एक लोखंडी हात गाडीच्या ब्रेकच्या झडपेवर आपटायचा. साधी, पण चुकत नाही अशी युक्ती.

मला मात्र खिळवून ठेवलं त्या डब्याच्या अलीकडच्या फाटकाने. लाकडी दांड्यांचं फिरतं फाटक. दहा सेनचं (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) नाणं टाकायचं, दांडा ढकलायचा, आत जायचं. तिकीट नाही, तिकीट देणारा नाही. एकच भाडं, एकच नाणं. मी तो दांडा हाताने धरून पाहिला. सुट्ट्या पैशांसाठी माणूस लागतच असणार, हे माझ्या मनात आलंच. फाटक कितीही हुशार असलं तरी खिशात सुटे नसलेला प्रवासी समोर येतोच.

हा मार्ग उभा करणाऱ्या नोरित्सुगु हायाकावा यांचीही माहिती तिथे आहे. १९१४ साली त्यांनी लंडनची भुयारी रेल्वे पाहिली, आणि तोक्योत ती हवी हा ध्यास घेतला. पण पैसे देणार कोण? लोक म्हणत, तोक्योची माती भुसभुशीत, भुयार टिकणार नाही, आणि इतके प्रवासी येणार कुठून? तेव्हा हायाकावा रस्त्याच्या नाक्यांवर उभे राहिले. खिशात काळ्या आणि पांढऱ्या घेवड्याच्या बिया. ट्राम गेली, माणसं गेली, की एक बी या खिशातून त्या खिशात. असं करत त्यांनी शहराची ये-जा मोजली.

मी बाकावर बसून राहिले. रोजची तिकिटं मी मोजली, महिन्याचे पास मोजले, संध्याकाळी हिशेब जुळवला. पण ती मोजणी आधीच आलेल्या माणसांची. अजून न आलेल्या गाडीसाठी नाक्यावर उभं राहून माणसं मोजणं, हे वेगळंच काम. त्याला मोठा विश्वास लागतो.

परत येताना चालत आले, पुलाच्या सावलीसावलीने. डोक्यावरून गाड्या जात होत्या.

पाचवा दिवस, बुधवार

दिवसभर पाऊस. घरीच. ईशानला थालीपीठ करून दिलं.

संध्याकाळी मुक्ताने फ्रिजवर लावलेला एक छापील नकाशा दाखवला. निशीकासाई ज्यात येतं त्या तोक्योच्या एडोगावा विभागाने २०१९ च्या मेमध्ये घरोघरी वाटलेला पुराचा नकाशा. त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलं आहे: इथे राहून चालणार नाही. म्हणजे मोठा पूर येणार असेल तर विभाग सोडून बाहेर जा. या विभागातली ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. बांध फुटला तर बहुतेक भाग पाण्याखाली जाईल, आणि पाणी आठवडा-दोन आठवडे हटणार नाही. कुठल्याही सरकारी कचेरीने आपल्याच रहिवाशांना इतकं स्पष्ट सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मोठं वादळ आलं. तोक्योतल्या गाड्या आदल्या दिवशीच जाहीर करून बंद ठेवल्या होत्या. मुक्ता तेव्हा बाळाला घेऊन शाळेतल्या निवाऱ्यात गेली होती. हे तिने मला आज सांगितलं. फोनवर तेव्हा म्हणाली होती, "जरा पाऊस आहे."

सहावा दिवस, गुरुवार

पाऊस उघडला. मी आणि मुक्ता पश्चिमेकडे नदीपर्यंत चालत गेलो. शेजारी रेल्वेचा पूल आणि त्याला लागून २००४ साली झालेला कियोसुना पूल, त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी वाट आहे.

निशीकासाई आणि त्याच्या आधीचं मिनामी-सुनामाची यांच्यात २.७ किलोमीटर अंतर आहे. मध्ये आराकावा आणि नाकागावा या दोन नद्या, शेजारी-शेजारी वाहणाऱ्या. रेल्वेचा पूल १,२३६ मीटर लांब. भुयारी रेल्वेला इतका लांब पूल!

आणि आराकावाचं हे पात्र नैसर्गिक नाहीच. १९१० साली मोठा पूर आला, शहर बुडालं. मग १९११ पासून नवं पात्र खोदण्याचं काम हाती घेतलं. २२ किलोमीटर लांब, सुमारे अर्धा किलोमीटर रुंद. १९२४ साली पाणी सोडलं, काम पूर्ण व्हायला १९३० उजाडलं. १,३०० कुटुंबांना घरं सोडावी लागली. या कामाचे अभियंता आकिरा आओयामा, पनामा कालव्याच्या बांधकामावर काम केलेले एकमेव जपानी. कठड्याला टेकून मी त्या रुंद, मातकट पाण्याकडे पाहत होते. माणसांनी खोदलेली नदी आहे, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पूल वाऱ्यावर उघडा आहे. २८ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री इथे टोर्नेडोचा तडाखा बसला आणि पुलावर असलेल्या दहा डब्यांच्या गाडीचे मागचे दोन डबे आडवे झाले. माणसं जखमी झाली, पण कोणाचा जीव गेला नाही. निशीकासाई स्टेशन तेव्हा उघडायचं होतं. आज गाडी शेजारून गेली, तशी पायाखालची वाट थरथरली. मुक्ताने माझा दंड धरला.

"आणि पलीकडे मे २०२४ मध्ये दोन दिवस आपला मेगाब्लॉक होता," ती म्हणाली. खरंच तिने मेगाब्लॉक हाच शब्द वापरला. मिनामी-सुनामाचीला एकच फलाट होता. आणखी एक फलाट आणि तिसरा रूळमार्ग करण्याचं काम चालू आहे, म्हणजे एक गाडी उभी असताना मागची दुसऱ्या बाजूला घेता येईल. त्यासाठी ११ आणि १२ मे रोजी तोयोचो ते निशीकासाई गाड्या पूर्ण बंद होत्या.

जमीन खाली का गेली, तेही तिथेच कळतं. कारखान्यांसाठी भूगर्भातलं पाणी उपसलं, नैसर्गिक वायू काढला. मिनामी-सुना भागात जमीन साडेचार मीटर खचली. कासाईच्या किनाऱ्यावर तर लोकांची शेतं समुद्राखाली गेली. मालकी कागदावर, जमीन पाण्यात. इथले कोळी नोरी हे खायचं समुद्री शेवाळ पिकवायचे, शिंपले काढायचे. १९६२ साली त्यांनी मासेमारीचे हक्क सोडले. १९७२ साली वायू काढण्याचे हक्क सरकारने विकत घेतले आणि त्याच सुमारास भराव टाकून बुडालेली जमीन वर काढायचं काम सुरू झालं. त्या जमिनीवर वसाहती आल्या, वसाहतींत माणसं आली, आणि माणसांसाठी १९७९ साली धावत्या मार्गावर हे स्टेशन जोडलं गेलं.

सातवा दिवस, शुक्रवार

आज बाजार. भारतीय दुकानात एक बाई विचारत होत्या, "जाडे पोहे आलेत का हो?" मी वळून पाहिलं, त्या हसल्या. पुण्याच्या, तीन वर्षं झाली इथे.

आपली माणसं इथे का, याचं उत्तर पुन्हा त्या मार्गातच आहे. संगणकांचा २००० सालचा पेच सोडवायला भारतातून अभियंते आले. बँका, शेअर बाजार, त्यांच्या कचेऱ्या ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो भागात. निशीकासाईहून धीम्या गाडीने पंधरा-सोळा मिनिटं, गाडी बदलायची नाही. परदेशी माणसाला घर मिळणं अवघड, हमीदार मागतात, घरमालकाला परत न मिळणारी भेट द्यावी लागते. पण इथल्या सार्वजनिक गृहसंस्थेच्या वसाहतींत ना हमीदार लागत, ना ती भेट. भरावावर आलेल्या पहिल्या जपानी कुटुंबांसाठी बांधलेल्या त्या इमारतींत आता गॅलरीत आपले टॉवेल वाळतात. जपानातल्या भारतीयांपैकी साधारण दहावा हिस्सा एडोगावात राहतो. एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक इथल्या विभाग सभेवर निवडून आले, मूळचे अंबरनाथचे. कल्याणहून तिसरं स्टेशन. निवडणुकीला उभे राहिलेले लोक इथे सकाळी स्टेशनच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करतात. कोणत्या गाडीची माणसं कधी येतात हे ज्याला माहीत, त्याला मतदार माहीत.

दुपारी ईशानला घेऊन पुन्हा कासाईला निघाले. त्याला अर्धं तिकीट, मला १८० येनांचं. मंगळवारी यंत्राने गिळलेलं तिकीट मनातून जात नव्हतं, ते मुक्ताला सांगितलं होतं. तिने ईशानला काय बोलायचं ते शिकवून ठेवलं होतं.

कासाईला उतरल्यावर तो मला यंत्राच्या फाटकाकडे न नेता कडेच्या खिडकीकडे घेऊन गेला, जिथे कर्मचारी बसतात. टाचा उंचावून म्हणाला, आजीला हे तिकीट आठवण म्हणून हवं आहे. काचेमागचे गृहस्थ माझ्याच वयाच्या आसपासचे होते. त्यांनी तिकीट घेतलं, तारीख पाहिली, खणातून छोटा शिक्का काढला. शाईच्या पॅडवर एकदा टेकवला, मग तिकिटावर धरून क्षणभर थांबले, थोडा डावीकडे सरकवला, आणि दाबला. पुढे प्रवासाला चालणार नाही असा त्या शिक्क्याचा अर्थ. दोन्ही हातांनी तिकीट माझ्याकडे सरकवलं.

बाहेर येऊन मी चष्मा लावून पाहिलं. शिक्का खालच्या कोपऱ्यात होता, पूर्ण उमटलेला. वर "निशीकासाईहून" ही अक्षरं त्यांनी मोकळी ठेवली होती.